घरी बांधलेल्या विमानाची सीट उंच करायची आहे; खांद्याचे पट्टे कुठे बांधावेत?

सातपूरकर

नमस्कार मंडळी,

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत माझे पत्र्याच्या कामाचे छोटे वर्कशॉप आहे. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाची २०१७ मध्ये नोंदणी झाल्याची बातमी वाचली, त्या दिवसापासून मनात घेतलेले काम आता अर्ध्याच्या पुढे गेले आहे. विमान किटवरून बांधतो आहे. ते दोन आसनांचे, शेजारी-शेजारी बसण्याचे आणि संपूर्ण ॲल्युमिनियमचे आहे. पुतण्याकडे वैमानिकाचा परवाना आहे, माझे प्रशिक्षण चालू आहे, आणि डावीकडच्या सीटवर आम्ही दोघेही आलटून-पालटून बसणार आहोत.

अडचण अशी आहे की पुतण्या सहा फूट उंच आहे आणि मी पाच फूट तीन इंच. आराखड्याप्रमाणे केलेल्या सीटवर मी बसलो तर पॅनेलच्या वरून जेमतेम आभाळ दिसते, आणि रडरचे पेडल पूर्ण दाबताना पाठ सीटला टेकलेली राहत नाही. कंबरेचे जुने दुखणे असल्यामुळे अर्ध्या तासातच बसणे नकोसे होते. म्हणून तळाला दहा सेंटिमीटर आणि पाठीला आठ सेंटिमीटर जाडीचा मऊ फोम घालून, वर चांगले रेक्झिन लावून घ्यावे, असा माझा विचार आहे.

किटमध्ये फक्त कमरेचा पट्टा आला होता. मी शर्यतीच्या गाडीत वापरतात तसा चार टोकांचा हार्नेस आणला आहे. सीटची पाठ सामान ठेवण्यासाठी पुढे दुमडते, त्यामुळे खांद्याचे पट्टे पाठीला बांधता येत नाहीत. सीटच्या मागे जमिनीवर मात्र एक चांगला मजबूत आडवा अँगल आहे. पट्टे तिथे बांधले तर खांद्यापासून ते आडव्या रेषेच्या साधारण ४० अंश खाली उतरतात. ही जागा चालेल का, आणि पट्टे थोडे लांब होत असल्याने ओळखीच्या शिवणाऱ्याकडून आखूड करून घेतले तर हरकत आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ओझर_निवृत्त

सातपूरकर, काम इथवर आणल्याबद्दल मनापासून अभिनंदन. ओझरच्या विमान कारखान्यात माझी उभी नोकरी पत्रा आणि रिव्हेट यांच्यातच गेली, त्यामुळे तुमच्या प्रश्नातल्या ज्या भागाबद्दल मला खात्रीने बोलता येते तेवढेच बोलतो. फोमचा विषय सध्या बाजूला ठेवा. आधी खांद्याच्या पट्ट्याची मागची जागा ठरू द्या, कारण जमिनीवरचा तो अँगल कितीही मजबूत असला तरी ती जागा चुकीची आहे.

कारण हिशेबाने पाहू. छोट्या विमानांच्या अमेरिकी नियमांत, ज्या काळी त्यांत आकडे स्पष्ट लिहिलेले असत तेव्हा, आणीबाणीच्या उतरण्यासाठी बसणाऱ्याचे वजन पुढच्या दिशेने ९ पट, वरच्या दिशेने ३ पट आणि बाजूला दीड पट धरले जाई. १७० पौंडांचा, म्हणजे सुमारे ७७ किलोचा माणूस धरला तर पुढच्या दिशेचा भार ६९३ किलो होतो. यातला साधारण ६० टक्के भाग कमरेच्या पट्ट्यावर आणि ४० टक्के खांद्याच्या पट्ट्यांवर येतो असे मानण्याची पद्धत आहे. म्हणजे तुमच्या खांद्यांना पुढे जाण्यापासून २७७ किलोच्या ओढीने रोखायचे आहे. पट्टा आडवा मागे गेला तर पट्ट्यातला ताण तेवढाच राहतो. तो ४० अंश खाली उतरला तर तीच २७७ किलोची आडवी ओढ मिळवण्यासाठी पट्ट्यात ३६२ किलोचा ताण यावा लागतो, आणि त्यातले २३२ किलो सरळ खाली, तुमच्या खांद्यांवरून पाठीच्या कण्यावर दाबले जातात. सीटच्या धक्का-चाचणीत पुतळ्याच्या कमरेच्या मणक्यावर १,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो, एवढी मर्यादा मानतात. त्या मर्यादेचा एकतृतीयांश भाग तुमचा पट्टा एकटाच वापरून टाकेल, आणि जमिनीचा खालून येणारा धक्का त्याच्यावर आणखी येईल. तुम्ही तर कंबरेचे दुखणे आधीच सांगितले आहे.

अमेरिकी विमान प्राधिकरणाच्या मार्गदर्शनात खांद्यापासून मागे जाणारा पट्टा आडव्या रेषेच्या वर ३० अंशांपर्यंत आणि खाली जास्तीत जास्त ५ अंशांपर्यंत असावा, असे सांगितले आहे. त्यामुळे सामानाच्या जागेमागची बल्कहेड, म्हणजे विमानाच्या धडातली आडवी भिंत, खांद्याच्या उंचीला, ही तुमची खरी जागा आहे. तिथपर्यंत पट्टाच नेला तर तो लांब होतो, आणि जितका पट्टा लांब तितका तो ताणला जाऊन डोके पॅनेलच्या जवळ जाते. म्हणून बल्कहेडपासून सीटच्या मागेपर्यंत विमानाची पोलादी केबल आणि तिथून पुढे आखूड पट्टा, अशी रचना बरेच जण करतात. पट्टा पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन जास्त ताणला जातो आणि उन्हाने लवकर खराब होतो.

आता बल्कहेडबद्दल. आपल्यासारखे पत्र्याचे काम करणारे लोक बोल्टची फार काळजी करतात, पण तीन-सोळांश इंचाचा विमानाचा साधा एएन-३ बोल्ट आडव्या कापणाऱ्या ओढीत, एका छेदात, दोन हजार पौंडांहून अधिक भार घेतो. आधी फाटतो तो भोकाभोवतीचा पत्रा. जोडणीच्या जागांसाठी वरच्या भाराला आणखी १.३३ ने गुणतात, म्हणजे खांद्याच्या जोडणीसाठी ३६९ किलो धरा, आणि हा भार बल्कहेडच्या पातळ पत्र्यावर न सोडता डबलर (जादा जोडपत्रा) व अँगल लावून दोन्ही बाजूंच्या लाँजरॉनपर्यंत, म्हणजे धडाच्या लांबीने जाणाऱ्या मुख्य पट्ट्यांपर्यंत, पोहोचवा. ब्रॅकेटचे रिव्हेट असे बसवा की ओढ त्यांच्यावर आडवी येईल; डोके उपटले जाईल अशा दिशेने भार आला तर पॉप रिव्हेट फार काळ टिकत नाहीत. ब्रॅकेट पट्ट्याच्या दिशेने फिरू शकेल असे ठेवा, म्हणजे पट्ट्याची एकच कड ताणली जाणार नाही.

हे सगळे एवढे का करायचे, असे कोणी विचारले तर मी अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांचे नाव सांगतो. १० डिसेंबर १९५४ रोजी ते रॉकेटच्या गाड्यावर स्वतः बसले आणि थांबताना त्यांच्या शरीराने ४६.२ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ४६.२ पट, इतका भार सोसला. ते जगले, कारण त्यांना नीट बांधलेले होते. छोट्या विमानाच्या बऱ्याच अपघातांत शरीराला सोसण्यासारखाच धक्का बसतो, पण खांदे मोकळे असल्यामुळे डोके पॅनेलवर आपटते.

सातपूरकर

काका, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. ४० अंशांचा हिशेब मी स्वतः पुन्हा मांडून पाहिला आणि तो पटला. एकच शंका आहे. सीटच्या पाठीच्या वरच्या कडेला पट्ट्यासाठी एक गोल नळी बसवली आणि पट्टा तिच्यावरून वळवून खाली त्याच अँगलला नेला, तर खांद्यापासून नळीपर्यंत पट्टा आडवाच राहील. मग कण्यावर दाब येणार नाही ना?

ओझर_निवृत्त

कण्यावर येणार नाही, पण तो भार कुठेतरी गेलाच पाहिजे, आणि तो त्या नळीवर जाईल. नळीवरून पट्टा ६० अंश वळला तर नळीवरचा एकूण भार पट्ट्यातल्या ताणाइतकाच, म्हणजे २७७ किलो भरतो. त्याची दिशा पुढे आणि खाली असते. तुमच्या सीटची पाठ नेमकी पुढेच दुमडते, असे तुम्ही लिहिले आहे. तेवढा भार घेणारी पाठ, तिचे बिजागर आणि तिला मागे धरून ठेवणारी खिटी हे सगळे नव्याने करावे लागेल आणि त्याचे वजनही वाढेल. बल्कहेडचे काम त्यापेक्षा कमी आहे. सीटच्या पाठीला पट्टा जागेवर राहण्यापुरती एक फट ठेवा; भार मात्र तिच्यावर टाकू नका.

पिंपळगावचा_शेतकरी

आखूड करण्याबद्दल लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

माझ्या एका आसनाच्या मायक्रोलाइटचे (अगदी हलक्या विमानाचे) पट्टे लांब होते. ट्रॅक्टरच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या एका चांगल्या कारागिराकडून मी ते आखूड करून घेतले. शिवण दिसायला कंपनीच्या शिवणीहून सुबक होती. नंतर मनात शंका राहिली म्हणून फॅब्रिकेशनवाल्या मित्राकडे गेलो. त्याच्या शेडमध्ये पट्ट्याचे एक टोक खांबाला बांधले, दुसऱ्या टोकाला क्रेनचा लटकता काटा आणि त्याच्यामागे चेन पुली लावली, मध्ये जुनी गादी टाकली आणि लांब उभे राहून साखळी ओढली. काट्यावर तीनशे किलोसुद्धा दिसले नव्हते तेव्हा दोरा एका टोकापासून टकटक आवाज करत उसवत गेला. पट्टा स्वतः जसाच्या तसा होता. कारागिराचा यात काही दोष नाही, कारण त्याच्याकडचा दोरा, सुई आणि टाक्यांची रचना ही त्या कामाची नव्हती. माझ्या जिवाचा भार मी त्या दोऱ्यावर टाकून हवेत फिरत होतो, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

त्यामुळे कंपनीची शिवण उसवू नये, नवी घालू नये, आणि बोल्टसाठी पट्ट्याला तापलेल्या सळईने भोक तर कधीच पाडू नये. लांबी कमी करायची असेल तर तीन दांड्यांच्या बकलातून पट्टा परत फिरवून घ्यावा आणि टोक किमान दहा सेंटिमीटर बाहेर ठेवावे, किंवा हव्या त्या लांबीचा पट्टा बनवणाऱ्याकडूनच मागवावा. शर्यतीच्या हार्नेसवर तारखेची चिठ्ठी असते, तीही पाहून घ्या. शर्यतीच्या सुरक्षा-साहित्याच्या मानकांपैकी एसएफआय १६.१ या मानकाचे पट्टे दोन वर्षांनी आणि एफआयएच्या मानकाचे पाच वर्षांनी शर्यतीतून बाद होतात. तो नियम विमानासाठी केलेला नाही, पण विमान उन्हात उभे राहते आणि आपल्याकडचे एप्रिल-मे कसे असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. पट्ट्याचा रंग उडाला, कडेला लव आली किंवा तो हाताला कडक लागू लागला की मी बदलतो.

काकांनी सांगितलेल्या ब्रॅकेटबद्दलही हीच पद्धत सुचवतो. विमानाला काटा लावून ओढू नका. त्याने चांगली बल्कहेड वाकेल आणि ते वाकणे कदाचित दिसणारही नाही. त्याच पत्र्याचा, त्याच रिव्हेटांचा आणि त्याच डबलरचा हातभर तुकडा वेगळा करून तो फाटेपर्यंत ओढा. तुमचे तर वर्कशॉपच आहे. कुठे फाटला आणि किती किलोला, त्याचे फोटो बांधणीच्या वहीत लावून ठेवा.

देवळालीची_डॉक्टर

विमानातले मला कळत नाही, पण पट्ट्यांनी झालेल्या दुखापती मी पाहिल्या आहेत, म्हणून कमरेच्या पट्ट्याबद्दल लिहिते.

पट्टा कमरेच्या हाडांच्या दोन्ही पुढच्या टोकांवर, मांडीच्या अगदी वर बसला पाहिजे. ती हाडे बराच मोठा भार सोसतात. पट्टा दोन-तीन बोटे वर सरकून ओटीपोटावर आला की तोच भार आतड्यांवर येतो, आणि शरीर त्या पट्ट्याभोवती पुढे दुमडल्यामुळे कमरेचा मणका मोडण्याचा एक विशिष्ट प्रकार होतो. चार टोकांच्या हार्नेसमध्ये खांद्याचे पट्टे घट्ट ओढले की ते मधले बकल वर खेचतात, म्हणून आधी कमरेचा पट्टा अगदी घट्ट करावा आणि मगच खांद्याचे ओढावेत. सातपूरकर, आपल्या पाठीमागे जाड मऊ गादी आली तर आपण सीटच्या पुढच्या बाजूला घसरून बसाल, आणि तेव्हा कमरेच्या पट्ट्याखालून निसटण्याचा धोका वाढतो. दोन मांड्यांमधून येणारा पाचवा पट्टा बकलाला खाली धरून ठेवतो. तो लावता आला तर जरूर लावा. कंबरेसाठी आठ सेंटिमीटर फोम लागत नाही. कमरेच्या बाकाशी, पट्ट्याच्या रेषेच्या वर, दोन-अडीच सेंटिमीटरचा घट्ट उंचवटा पुरतो.

निफाडकर

फोमबद्दल कोणी लिहिले नाही, आणि माझ्या मते निम्मा प्रश्न तोच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मऊ फोम आरामाचा वाटतो, पण विमान जोरात खाली आदळते तेव्हा तो मदत करत नाही. तळपत्रा थांबलेला असतो आणि शरीर मात्र फोम दाबत खाली जातच राहते; फोम संपतो तेव्हा ते वेगाने पत्र्यावर आदळते, आणि मणक्यावर येणारा भार फोम नसता त्याहूनही जास्त होऊ शकतो. दहा सेंटिमीटर मऊ फोमवर बसून दोन्ही हातांच्या मुठींवर थोडे उचलून धपकन बसून पाहा, तळ लागल्याचे कळते. शिवाय फोम दाबला गेला की कमरेचा पट्टा सैल पडतो.

म्हणून उंची फोमने वाढवू नये. तळपत्र्यावर ॲल्युमिनियमची एक पेटीसारखी चौकट करावी, ती चार ठिकाणी बोल्टने बसेल आणि पुतण्या बसताना काढता येईल. तिच्यावर चार-पाच सेंटिमीटर चांगला फोम पुरतो. त्यासाठी हळूहळू दबणारा आणि हळूहळू वर येणारा कॉन्फोर फोम उत्तम. हा फोम कडकपणानुसार रंगात येतो: हिरवा सर्वांत कडक, मग निळा, मग गुलाबी, आणि पिवळा सर्वांत मऊ. खाली हिरवा किंवा निळा आणि वर गुलाबी, असे थर करता येतात. त्याचा एक गुणधर्म मात्र लक्षात ठेवा: तो थंडीत कडक होतो आणि उन्हात मऊ पडतो. आमच्या निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा माझ्या गाडीत घातलेला हाच फोम पहाटे लाकडासारखा लागतो आणि अंगाच्या उबेने काही मिनिटांत बसका होतो. म्हणून पट्टे बसल्या-बसल्या एकदा आणि इंजिन तापेपर्यंत थांबून पुन्हा एकदा घट्ट करावेत.

सीट बदलली की कमरेच्या पट्ट्याचा कोनही बदलतो. तो आडव्या रेषेशी ४५ ते ५५ अंश असावा. समजा, पट्टा जिथे बांधला आहे तिथून तुमचे कमरेचे हाड २५ सेंटिमीटर वर आणि तितकेच पुढे आहे. तेव्हा कोन ४५ अंश होतो. नुसते सात सेंटिमीटर उंच झालात तर तो ५२ होतो, ते चालते. नुसते आठ सेंटिमीटर पुढे आलात तर तो ३७ होतो, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेला निसटण्याचा धोका इथेच आहे. उंच आणि पुढे दोन्ही झालात तर तो ४४ वर येतो. म्हणजे पाठीला जाडी देणे भागच असेल तर तळाची उंची वाढवून त्यातले बरेचसे भरून काढता येते.

कापड आणि आग यांबद्दलही लिहितो. नायलॉनचे कापड वितळून कातडीला चिकटते आणि साधा फोम जळताना विषारी धूर सोडतो. लोकरीचे कापड मुळातच लवकर पेट घेत नाही. प्रवासी विमानांच्या आतल्या साहित्याची एक चाचणी अशी असते की उभ्या टांगलेल्या तुकड्याला बारा सेकंद ज्योत लावतात, आणि ज्योत काढल्यावर तो पंधरा सेकंदांत विझला पाहिजे व जळालेला भाग आठ इंचांपेक्षा कमी राहिला पाहिजे. घरी नेमकी तशी चाचणी जमणार नाही, पण कापड, फोम आणि मधले चिकटवायचे सोल्युशन असा एकत्र तुकडा मोकळ्या जागेत, पाण्याची बादली शेजारी ठेवून पेटवून पाहा. माझ्या तुकड्यात फोम आणि कापड दोन्ही चांगले निघाले, पण मधले सोल्युशन भडकले. आता मी कव्हर वेल्क्रोने बसवतो.

सातपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. रेक्झिन आणि मऊ फोम दोन्ही रद्द केले आहेत.

रविवारी आम्ही विमानातच बसून मापे घेतली. सीटवर सात सेंटिमीटरची प्लायवूडची तात्पुरती पेटी ठेवून मी बसलो, पुतण्याने माझ्या खांद्यापासून मागच्या बल्कहेडपर्यंत सुतळी ताणली, तिला ओळंबा आणि कोनमापक लावले. नंतर पेटी काढून तो बसला आणि मी सुतळी धरली. डोळे दोघांचे जवळपास एका रेषेत आले आणि त्यामुळे खांद्यांतही फक्त तीन सेंटिमीटरचा फरक उरला. बल्कहेडवर खडूने एक खूण केली आहे. माझ्या खांद्यापासून त्या खुणेपर्यंत पट्टा ६ अंश वर जातो आणि त्याच्या खांद्यापासून ४ अंश, म्हणजे दोघांना एकच जागा चालेल. कमरेच्या पट्ट्याचा कोन माझा ५१ आणि त्याचा ४६ आला.

पाचव्या पट्ट्यासाठी तळपत्र्याला फट पाडावी लागेल. फटीच्या कडा गोल करून रबर लावीन, आणि ब्रॅकेट पत्र्याला न लावता खालच्या आडव्या अँगलला बोल्टने बसवीन. बल्कहेडचा नमुना तुकडा या आठवड्यात करतो आणि काटा व चेन पुली शेजारच्या कारखान्यातून मिळाली की ओढून पाहतो. केबलच्या टोकांचे दाबलेले जोड स्वतः न करता तयारच मागवावेत, असे ठरवले आहे. काका, नमुना किती किलोंपर्यंत टिकला तर समाधान मानावे?

ओझर_निवृत्त

मापे चांगली आली आहेत. ३६९ किलो ही एका माणसाच्या खांद्यांची एकूण ओढ आहे. तुमची केबल एकाच ब्रॅकेटला येत असेल तर नमुन्याने तेवढा भार, भोक लांबट न होता आणि रिव्हेट न हलता, निदान तीन सेकंद धरला पाहिजे. त्यानंतर फाटेपर्यंत ओढा आणि काय फाटले ते मला फोटोत दाखवा. पुतण्याचे वजन ७७ किलोपेक्षा जास्त असेल तर हिशेब त्याच्या वजनाने करा.

आणखी एक गोष्ट, जी आराखड्यात कुठे लिहिलेली नसते. तुम्ही एकटे उडाल तेव्हा उजव्या रिकाम्या सीटचे पाचही पट्टे बकलात अडकवून घट्ट ओढून ठेवा. मोकळे बकल धक्क्याने सरकून स्टिकच्या (विमान चालवण्याच्या दांड्याच्या) मुळाशी अडकते, किंवा दारातून बाहेर लोंबत राहून पत्र्यावर आपटत राहते.